माझ्या पोटातली तार

मित्रांनो, कम्युनिटी कॉलेजच्या प्रयोगशाळेतला मी एक जुना मल्टिमीटर, म्हणजे वीज मोजायचं यंत्र. पाठीवर पांढऱ्या रंगाने सात आकडा काढलाय, म्हणून सगळे मला 'सात नंबर' म्हणतात. काचेला तडा गेलाय, डायल जरा घट्ट फिरते, पण खोटं रिडिंग दिल्याचा आरोप माझ्यावर आजवर कोणी केलेला नाही. शेजारचा तीन नंबर दिसायला देखणा, पण सेल उतरला की वाटेल ते बरळतो. असो, दुसऱ्याचं उणं काढू नये.

माझी लाल वायर व्होल्टेज मोजताना एका सॉकेटमध्ये लावतात आणि करंट मोजताना दुसऱ्या. ती करंटच्या सॉकेटमध्ये विसरली आणि तशीच चालू विजेला टेकवली, की सगळी वीज माझ्या पोटातून धावत सुटते. घाईत ही चूक प्रत्येक विद्यार्थी एकदा तरी करतोच. म्हणून माझ्या पोटात बोटाच्या पेराएवढा फ्यूज असतो. तो स्वतः जळतो आणि समोरच्याचे हात वाचवतो.

माझा फ्यूज पहिल्याच सत्रात मावशीने उडवला. मावशी म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीच्या वर्गातली सर्वांत मोठी विद्यार्थिनी. अठरा वर्षं तिने शर्टाच्या कारखान्यात मशीन चालवलं. कारखाना बंद पडला, तेव्हा त्रेचाळिसाव्या वर्षी ती विशीतल्या पोरांशेजारी येऊन बसली. सासूबाई म्हणाल्या होत्या, "आता काय विमान उडवणार आहेस?" नवा फ्यूज हवा तर स्टोअरमध्ये अर्ज, सरांची सही आणि दोन दिवसांची वाट. इकडे जर्नल त्याच दिवशी द्यायचं होतं. तिने फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळली. "उद्या बदलते हं," असं मलाच म्हणाली. तो उद्या दीड वर्षात उगवला नाही. नशिबाने तेवढ्या काळात माझ्यावर ती चूक कोणी केली नाही.

मग आली शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा. बंद पडलेला पॉवर सप्लाय तासाभरात चालू करायचा. रुग्णालयाच्या यंत्रदुरुस्ती विभागाने मावशीसाठी जागा धरून ठेवली होती, पण महिनाअखेरपर्यंतच. नापास झाली तर फेरपरीक्षा तीन महिन्यांनी, म्हणजे नोकरी गेलीच. आणि तिच्या वाट्याला नेमका मी आलो. आधीच्या मुलाने लाल वायर करंटच्या सॉकेटमध्येच ठेवलेली. माझी पाचावर धारण बसली.

तिने सप्लाय चालू केला. लाल टोक विजेच्या जोडणीपासून बोटभर अंतरावर आलं. ओरडावं तर मला तोंड नाही. तेवढ्यात ती थांबली. तिची एक सवय होती. मला विजेला टेकवण्याआधी खिशातला नवा सेल मोजायचा आणि विचारायचं, "काय रे, शुद्धीवर आहेस ना?"

मी शून्य दाखवलं.

नव्या सेलला शून्य? तिची नजर सॉकेटवर गेली आणि चेहरा पांढरा पडला. तार आठवली असणार. तिने इकडेतिकडे पाहिलं, वायर गुपचूप योग्य सॉकेटमध्ये लावली आणि कामाला लागली. अर्ध्या तासात फुगलेला कपॅसिटर सापडला. तिने तो बदलला. मी बारा व्होल्ट दाखवले, अगदी बरोबर. आता मला खाली ठेवायचं आणि घरी जायचं, एवढंच उरलं होतं.

दारात पुढची मुलगी उभी होती. अंगठ्याचं नख कुरतडत होती.

"सर, या मीटरमध्ये फ्यूज नाही. तार आहे," मावशी म्हणाली.

परीक्षकांनी मान वर केली. "कोणी लावली?"

"मीच. पहिल्या सत्रात."

"माहीत असून वापरलात? फ्यूज नसलेलं मीटर परीक्षेत वापरलं तर नापास, हा नियम ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, सर."

"मग आधी का नाही बोललात?"

"नापास होईन म्हणून."

"आणि आता?"

"आता ती येतेय."

परीक्षकांनी निकालाचा कागद पुढे ओढला. त्यांना वाईट वाटलं, मला दिसलं ते. पण त्यांनी 'नापास' लिहिलं. मग स्टोअरच्या अर्जावर तिथल्या तिथे सही केली. मावशीने स्वतः फ्यूज आणला, माझं पोट उघडलं, तार काढली, फ्यूज बसवला आणि पिशवी उचलून ती गेली. मला एवढं रडू कधीच आलं नव्हतं.

मित्रांनो, आमचा फ्यूज उडाला तर खुशाल चिडा, पण त्याच्या जागी तार लावू नका. जी वस्तू तुम्ही आज कशीबशी चालवता, ती उद्या कोणाच्या हातात जाईल हे तुम्हाला कुठे माहीत असतं?

पुढच्या मुलीने आधी करंट मोजला. वायर तशीच विसरली आणि घाईघाईने मला चालू विजेला टेकवलं. टक्. एवढाच आवाज झाला.

"हा सात नंबर बंदच पडला वाटतं," ती वैतागून म्हणाली. सरांनी तिला तीन नंबर दिला. ती पास झाली, उजव्या हाताने हजेरीपटावर सही केली आणि मैत्रिणीला फोन लावत बाहेर पडली.