दोघांच्या सह्या

हॅलो. नाही, राँग नंबर नाही. मी टेलिफोन बोलतोय. आजवर माझ्यातून दुसरेच बोलले, मी आपला नुसता मधे होतो. आता वायर काढून ठेवलीय, तेव्हा म्हटलं, चार शब्द स्वतःचेही बोलून घ्यावेत.

मी जुन्या घडणीचा, फिकट हिरवा, अंगाने चांगला जडशीळ. कारखान्यात तपासणीला बसलेल्या मुलीने माझ्यात पहिल्यांदा 'हॅलो, हॅलो' म्हटलं आणि लगेच मला खोक्यात घातलं. आयुष्याची सुरुवात ही अशी.

मला घरी आणलं ते आमच्या मालकांनी. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. तेव्हा फोन मिळणं काही सोपं नव्हतं. पण कुठल्या तरी इमारतीत माणसं दोन मजल्यांच्या मधे अडकली की मालकांना शोधायला धावाधाव व्हायची, म्हणून कनेक्शन मिळालं. अर्थात त्यांच्याच नावावर. अडकलेल्यांचे नातेवाईक माझ्यात असे ओरडायचे की कान किटून जायचे. मालक मात्र शांतपणे विचारायचे, "आत दिवा चालू आहे ना? मग काळजी नको, निघालोच." आणि खरंच ताटावरून उठून निघायचे.

मग मागून येणारे फोन बाई घ्यायच्या. बाई म्हणजे त्यांची बायको. त्या घरी शिवणकाम करायच्या. मी वाजलो की मशीन थांबवायच्या, गळ्यातला टेप सावरत यायच्या आणि ठरलेलं वाक्य म्हणायच्या, "ते बाहेर गेलेत, आले की सांगते." दिवसातून किती वेळा म्हणायच्या त्याला गणती नाही. त्यात खोटं काही नव्हतं. मालक बाहेरच असायचे.

पुढे त्यांची एकुलती एक मुलगी शिकली, परदेशात गेली, तिथेच रमली. आणि काही वर्षांनी मालक आजारी पडले ते हॉस्पिटलातून परत आलेच नाहीत. मुलगी आली होती. शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी होती, नंतरचं सगळं तिनेच केलं, आईच्या गळ्यात पडून खूप रडली. बाई रडल्या नाहीत. त्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मुलगी परत गेली आणि एका इमारतीतून फोन आला. लिफ्ट अडकली होती. बाईंनी मशीन थांबवलं, मला उचललं आणि म्हणाल्या, "ते बाहेर गेलेत, आले की सांगते." मला ठेवलं, मशीन पुन्हा सुरू. मी म्हटलं, सवयीने निघून गेलं असेल तोंडातून, होतं माणसांचं असं. पण पुढच्या फोनलाही तेच, आणि त्याच्या पुढच्यालाही. लिफ्टमधल्या त्या बिचाऱ्यांना कोणी बाहेर काढलं, देव जाणे.

तर अशी वर्षं गेली. विजेचं बिल मालकांच्या नावाने यायचं, माझंही त्यांच्याच नावाने यायचं आणि बाई ते वेळेवर भरायच्या. कोणाला फसवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. 'वारले' हा शब्द तेवढा त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही, आणि तो कोणी काढून घेतलाही नाही. कागदोपत्री आमचे मालक अगदी ठणठणीत होते.

मग बाई मोरीत घसरून पडल्या. हात मोडला. बराच वेळ तशाच पडून होत्या. मी चार पावलांवर होतो आणि काही करू शकलो नाही. मुलीने ठरवून टाकलं, आता बास, आईने कायमचं आपल्याकडे यायचं. तिने तिकडून सगळी खटपट केली आणि परवानगी आली. त्या परवानगीला मुदत होती. मुदतीच्या आत घर विकायचं, खाती बंद करायची आणि निघायचं. घर मात्र होतं दोघांच्या नावावर.

दर रविवारी मुलगी विचारायची, बाबांच्या मृत्यूचा दाखला वकिलांना दिलास का? तो नसेल तर घर विकता येणार नाही, आणि मुदत उलटली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. बाई म्हणायच्या, अगं, इथे आज पाणीच आलं नाही. मुलगी मग पाण्याची चौकशी करायची. तिला कळत होतं. पण इतक्या लांबून ती तरी किती रेटणार?

घर हळूहळू रिकामं होत गेलं. कपाट गेलं, पलंग गेला. शिवणाचं मशीन दोघा माणसांनी उचलून नेलं तेव्हा बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. खरं सांगतो, मलाही काही वाटलं नाही. त्या दिवसांत आमच्या घरात कोणालाच काही वाटेनासं झालं होतं. चहा व्हायचा, प्यायला जायचा, कप विसळले जायचे. दाखला फायलीत सगळ्यात वर होता. मुलीनेच तो तसा लावून ठेवला होता.

एके दिवशी वकिलांचा फोन आला. ते नवीन होते, दलालाने गाठून दिलेले, त्यांना घरातलं काही ठाऊक नव्हतं. म्हणाले, "घर दोघांच्या नावावर आहे. सहीला तुम्हा दोघांनाही यावं लागेल."

बाई म्हणाल्या, "सांगते त्यांना."

वकिलांनी दिवस ठरवला, वेळ ठरवली. बाईंनी 'बरं' म्हटलं आणि मला खाली ठेवलं.

त्या दिवशी बाई इस्त्रीची साडी नेसल्या. ओळखपत्रं घेतली, स्वतःचं घेतलं, मालकांचंही घेतलं. फाईल काखेत मारली, कुलूप लावलं आणि गेल्या.

थोड्या वेळाने मी वाजलो. रिकाम्या खोलीत माझा आवाज मलाच मोठा वाटला. मी वाजत राहिलो आणि थांबलो. पुन्हा वाजलो. दुसऱ्यांदा मात्र मधेच बंद झालो, म्हणजे पलीकडच्याने ठेवून दिला. एवढ्या नेटाने कोण करतंय, मला कळेना.

ते कळलं संध्याकाळी. बाई आल्या, चपला काढल्या, जमिनीवर माझ्याशेजारी बसल्या आणि त्यांनी आपण होऊन मुलीला फोन लावला. एरवी त्या कधी लावायच्या नाहीत, येण्याची वाट बघायच्या.

त्या सांगत होत्या त्या आवाजात चढउतार नव्हता. वकिलांच्या खोलीत त्या बसल्या. घर घेणारं जोडपं समोर होतं, पोरगेलंच. वकिलांनी विचारलं, साहेब कुठे आहेत? बाई म्हणाल्या, येतीलच. सगळे थांबले. त्या पोरीने बाईंना पाणी दिलं. वकिलांनी पुन्हा घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, घरून निघालेत का विचारू या. आणि त्यांनी इथला नंबर लावला.

"स्पीकरवर लावला होता गं," बाई म्हणाल्या. "आपला फोन वाजत होता. सगळे ऐकत होते. मीसुद्धा वाट बघत होते. मग त्यांनी परत लावला. तेव्हा मी म्हटलं, ठेवा तो. कोणी उचलणार नाही."

त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"तुझे बाबा वारले," बाई म्हणाल्या.

इतकी वर्षं मी माणसांची बोलणी ऐकली. मला वाटलं, आता ती म्हणेल, आई, मला माहीत आहे. तिच्या डोळ्यांदेखत तर झालं होतं सगळं. पण तिने तसं म्हटलं नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "कधी गं?"

"आज."

माझ्या तारेतून नुसता श्वास येत-जात होता. एकीचा की दोघींचा, ते मलाही सांगता येणार नाही.

"जवळ कोणी आहे का तुझ्या?" मुलीने विचारलं.

"नाही."

"मी निघते," ती म्हणाली. "मी येईपर्यंत काही करू नकोस. नुसती बसून राहा."

बाईंनी रिसीव्हर जागेवर ठेवला नाही. मांडीवर घेतला आणि त्या रडायला लागल्या. कशा रडल्या ते मी सांगणार नाही. मी बोलून चालून घरातलाच.

मुलगी आली. मायलेकी दाखला घेऊन सगळीकडे एकत्र फिरल्या. वकिलांकडे सही झाली ती बाईंची आणि वारस म्हणून मुलीची. मुदतीला अजून थोडे दिवस होते. शेवटी राहिलो मी. मुलीने लाइन बंद करायचा अर्ज दिला, आणि सकाळी माझ्यातली गुणगुण थांबली.

आता मी खिडकीत आहे, वायर अंगाभोवती गुंडाळलेली. भंगारवाला येईल तेव्हा येईल. माझी तक्रार नाही. एक मागणं मात्र आहे: एखाद्या घरी फोन केलात आणि बाईमाणूस 'ते बाहेर गेलेत' म्हणालं, तर 'कुठे' म्हणून विचारू नका. 'बरं' म्हणा आणि ठेवून द्या.

निघायच्या आधी लाइन खरंच बंद झाली का ते बघायला मुलीने मोबाइलवरून माझा नंबर लावला. मी वाजलो नाही. बाईंनी हात पुढे केला आणि मोबाइल कानाला लावला. तिथे एका स्त्रीचा रेकॉर्ड केलेला आवाज सांगत होता, की हा क्रमांक आता अस्तित्वात नाही. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं, पुन्हा एकदा ऐकलं आणि मोबाइल परत दिला.

"किती सहज सांगते गं ही," त्या म्हणाल्या, आणि बॅग उचलायला वाकल्या.