सात जणांना सांगितलं

दादाला दारू सोडून वर्ष आणि सहा आठवडे झाले होते. वर्ष पुरं झालं की तुला शहर दाखवायला नेईन, असं चिमणीने त्याला कबूल केलं होतं. चिमणी म्हणजे त्याची धाकटी बहीण. वय बेचाळीस, दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायचं काम करणारी, पण दादाच्या तोंडी अजून चिमणीच. वहिनीचा पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे भाऊ-बहीण दोघंच निघाले. निघताना वहिनीने तिला बाजूला घेऊन बजावलं, "त्याला एकट्याला सोडू नकोस गं. डोळ्यांत तेल घालून बघ."

चिमणीने डोळ्यांत तेल घातलंच, वर तोंडही उघडलं. हॉटेलला आधीच फोन करून सांगितलं, की दादाच्या खोलीतल्या फ्रीजमधल्या बाटल्या काढून ठेवा, त्यांचं जरा तसं आहे. फोनवरची बाई हळहळली. म्हणाली, "किती करता हो तुम्ही भावासाठी!" ते ऐकून चिमणीला बरं वाटलं. नाही म्हटलं तरी वाटलंच.

दादा काचा बसवणारा. सारी हयात लोकांच्या खिडक्यांत गेली. त्यामुळे शहरात उतरल्यापासून तो मान वर करूनच चालत होता. एका जुन्या वाचनालयासमोर त्याने चिमणीला थांबवलं आणि हाताला धरून आत नेलं.

"इथे ये आणि या काचेतून ते झाड बघ. हलतंय की नाही?"

"हलतंय."

"झाड नाही हलत, चिमे. काच हलते. जुनी आहे, हाताने ओढलेली. आता अशी बनवत नाहीत."

पुलावर तो अर्धा तास उभा राहिला. "कामासाठी तीनदा आलोय मी या शहरात," तो म्हणाला. "तिन्ही वेळा एका गुत्त्याचं दार बघितलं आणि स्टेशनवरचं बाकडं. इथे एवढी मोठी नदी आहे, मला पत्ताच नाही!"

तो हसला, चिमणीही हसली. पण संध्याकाळी जेवायला बसल्यावर तो हात धुवायला उठला, तेवढ्यात तिने वाढप्याला खुणेने बोलावून कानात सांगितलंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती होडीच्या सफरीच्या, फोनवर राखून ठेवलेल्या तिकिटांसाठी रांगेत उभी होती. तिकिटं घेऊन वळली तर दादा नाही. फोन लावला, वाजत राहिला. दहा मिनिटं गेली, वीस गेली. समोरच्या गल्लीत एकाला लागून एक असे चार बार होते. चिमणी तिकडे वळली.

पहिल्या बारमध्ये तिने मोबाइलवरचा दादाचा फोटो दाखवला. माणसाने मान हलवली. दुसऱ्यातल्याने विचारलं, "काय केलंय यांनी?"

"काही नाही हो. पितात."

बाहेर आल्यावर तिचं तिलाच कळलं, आपण 'पितात' म्हणालो. 'प्यायचे' नाही. वर्षभराची त्याची मेहनत एका शब्दात पाण्यात घालवली. तरी ती थांबली नाही. तिसऱ्यात गेली, चौथ्यात गेली. तिथे एक गिऱ्हाईक फोटोत डोकावून म्हणालं, "येऊ द्या की, आमच्याकडून एक पाजतो." सगळे हसले.

ती बाहेर पडली आणि गल्लीच्या टोकाला दादा दिसला. चपलांच्या एका दुकानाची दर्शनी काच फुटली होती आणि दोन कारागीर नवी बसवत होते. तिसरा दादा. कोट खिळ्याला टांगलेला, फोन त्या कोटात. बाह्या वर सारून तो माणसाएवढी काच दोन्ही हातांनी तोलून धरून उभा होता, आणि सांगत होता, "सावकाश, खालची बाजू आधी टेकू दे." चेहरा असा उजळलेला, की बऱ्याच वर्षांत तिने तसा पाहिला नव्हता.

पण तिला ते दिसलं नाही. दिसलं असतं तर पुढचं झालं नसतं.

"दादा, तोंड उघड."

"काय?"

"तोंड उघड म्हणते ना. श्वास सोड माझ्याकडे."

दादाने तिच्याकडे पाहिलं. हातात काच होती, त्याला मागे सरकता येईना की तोंड फिरवता येईना. त्याने शाळेतल्या पोरासारखं तोंड उघडलं आणि श्वास सोडला. कॉफीचा वास आला. काचेच्या पुट्टीतल्या तेलाचा आला. बाकी कसलाही नाही.

दोन्ही कारागीर एकाएकी चौकटीत काहीतरी शोधायला लागले.

"झालं?" दादाने विचारलं. आवाज चढला नव्हता. "आता हिला बसवू का?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं चिमणीला झालं. काच बसली, कडा भरून झाल्या, कारागिरांनी दादाचा हात हातात घेऊन निरोप घेतला. तिच्याकडे कुणी बघितलं नाही, आणि तिनेही मान वर केली नाही.

सफरीला जायचं की नाही, हे दोघांपैकी कुणी विचारलं नाही. तिकिटं काढलेली होती, म्हणून गेले. ऊन कलतं झालं होतं, नदीकाठच्या खिडक्या तांबूस चमकत होत्या. होडीवरचा वाढपी तबक घेऊन आला, इतरांसमोर ग्लास ठेवले आणि दादाकडे वाकून, पण तीन टेबलांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "साहेब, तुमच्यासाठी वेगळं. बाईंनी फोनवर सांगून ठेवलंय ना."

दादाने सरबताचा ग्लास घेतला. आभार मानले. मग तोंड पाण्याकडे वळवलं.

"किती जणांना सांगितलंस?"

चिमणीने मनातल्या मनात बोटांवर मोजलं. हॉटेलवाली, होडीवाल्यांच्या ऑफिसातला माणूस, कालचा वाढपी, आणि ते चार बार.

"सात."

"पीत होतो तेव्हा एकालाही नाही सांगितलंस," दादा म्हणाला. "रस्त्यात पडलो की चक्कर आली म्हणायचीस. लग्नात बरळलो तर ताप चढलाय म्हणायचीस. तेव्हा झाकली मूठ. आणि आता सोडलीय, तर दवंडी पिटतेस होय गं?"

चिमणीला ती फोनवरची बाई आठवली, आणि 'किती करता हो' ऐकून आपण कशा फुललो होतो तेही आठवलं. ते तिने दादाला सांगितलं नाही. सांगायची लाज वाटली.

सकाळी दादा खांद्यावर टॉवेल टाकून तिच्या दारात आला. "इथून जवळच पोहायचा तलाव आहे, वर सगळं काचेचं छत. मी चाललोय. एकटा."

"जा," ती म्हणाली.

पाचच मिनिटांत वहिनीचा फोन. "कुठेय तो?"

"पोहायला गेलाय. एकटाच." मग चिमणीने तिला सगळं सांगितलं, काचेपाशी काय केलं तेही. वहिनी म्हणाली, "मी रोज त्याच्या उशीचा अभ्रा हुंगते गं. तो आंघोळीला गेला की."



फोन ठेवून चिमणी खाली गेली. सातांपैकी एकीला तरी सांगू, की माझा भाऊ पीत नाही, वर्ष झालं, मी उगाच बोलले. वाक्य तिने जिन्यात दोनदा घोकलं. पण हॉटेलच्या टेबलापाशी दुसरीच बाई होती, आज सकाळीच कामावर आलेली. "बोला, काय हवंय?" तिने हसून विचारलं. ती गोष्ट परत घ्यायची तर आधी पुन्हा सांगावी लागणार होती.

"काही नाही," चिमणी म्हणाली. "तलाव किती वाजेपर्यंत उघडा असतो?"

दादा ओल्या केसांनी परतला तेव्हा ती दाराबाहेरच्या पायरीवर बसली होती. तिने त्याला सांगितलं, की मी कबूल करायला गेले होते, पण बाई बदललेली निघाली, तिला बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं.

दादा तिच्याकडे बघत राहिला, आणि कालपासून पहिल्यांदा हसला.

"चला," तो म्हणाला, "एक तरी माणूस तुझ्या तावडीतून सुटला."

चिमणीला हसू आलं नाही, रडू आलं. तो शेजारी बसला आणि तिचं होईपर्यंत, समोरच्या इमारतीच्या खिडक्या कुणी किती वाकड्या बसवल्यात ते सांगत राहिला.