परिचयातली तिसरी ओळ

दुधाच्या बाटलीच्या झाकणाच्या आट्यांत वाळूचा एक कण अडकला होता. तो निघेपर्यंत रिनाला ते झाकण लेकीच्या हाती द्यायचं नव्हतं... नख कोरत होतं, नजर मात्र मोबाइलवर. विद्यापीठाच्या संकेतस्थळासाठी तिच्या मार्गदर्शक सरांनी तिचा परिचय लिहून पाठवला होता. दुपारपर्यंत होकार कळवला तरच बाळंतपणाच्या रजेनंतरची संशोधकाची जागा तिची. किनारा अभियांत्रिकीत पीएच.डी. आवडीचे विषय : लाटा, वाळूची हालचाल, समुद्रभिंतींची झीज. इथवर ठीक. मग तिसरी ओळ — 'कुरखेड्याच्या जंगलात निरक्षर शेतमजुराच्या पोटी जन्मून...'

शी. लेकीनं खांद्यावर ओकलेलं दूध सकाळपासून आंबत होतं, त्याची किळस नव्हती, उलट तो वास जवळच असावासा वाटे; किळस या ओळीची — दुसऱ्याने चघळून मऊ केलेला घास तोंडात कोंबावा तशी. निरक्षर? भिंत वरून फुटत नाही, ओसंडलेलं पाणी तिचा पायथा खातं — माझा अख्खा प्रबंध एवढाच, आणि तो मी शिकले भाताच्या रोवण्याच्या दिवसांत, बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, धुऱ्यावर, बाबांशेजारी चिखलात. "वर काय पाहून राह्यली," ते म्हणत, "खाली पाह्य. पडनारं पानी बुडाले कोरते."

"काय लिहून राह्यली वो एवढी?" आईनं तांदूळ निवडता निवडता विचारलं.

"मी कोण आहे ते."

"त्याले सकाळपासून? मले विचारलं असतं तं सांगतली असती."

ही ओळ सुचली कुठून, असं सरांना खडसावून विचारायचं म्हणून तिनं जुन्या मेल उघडल्या... आणि आठ वर्षांपूर्वी सरांना पाठवलेला स्वतःचाच शिष्यवृत्तीचा अर्ज समोर आला. त्यात अक्षरन् अक्षर हीच ओळ. असं लिहिलं की निवड होते, वसतिगृहात कुणीतरी म्हणालं होतं. तिनं लिहिलं, निवड झाली.

लेक रांगत ओसरीवर गेली होती. तिला मांडीवर घेऊन बाबा पेपरातला अग्रलेख मोठ्यानं वाचत होते, अवघड शब्दाशी थांबून, अर्थ सांगून. मग वाचन थांबलं.

"रिना, तुयाबद्दल लिहून आलं म्हनते न? दाखव. विहारात वाचतो सगळ्याइले. शुद्धलेखन बी पाहून देतो."

ओळ खोडायला एक बोट पुरे होतं. पण सरांच्या नावानं घशाशी आलेलं ते आंबट आता खाली, खूप खाली उतरत चाललं होतं, आणि तिथं सर नव्हतेच, तिचाच अर्ज होता... बाबा चष्मा पुसत दारात आले. खोडण्यासाठी उचललेलं बोट तसंच राहिलं, आणि तिला पहिल्यांदाच वाटलं — ओळ न खोडता परिचय बाबांच्या हाती द्यावा, आपण काय लिहिलं होतं ते त्यांना वाचू द्यावं.