चुन्याच्या भिंतीवरचा हूक

"चुन्याच्या भिंतीला चिकटवलेलं काही टिकत नाही, सूनबाई. गोंद सोडत नाही, भिंतच सोडते."

नीलकंठकाकांनी हे सांगितलं तेव्हा हिमानीने मान हलवली होती. दूधवाला पाणी घालत नसल्याची शपथ घेतो तेव्हा आपण हलवतो ना, तशी.

श्रावणातली गोष्ट. काका भिंत बघायला आले होते. खरं तर भिंत ऐकायला. बोटाच्या पेराने टकटक करत खोलीभर फिरले आणि दक्षिणेच्या भिंतीशी थांबले. "ही बरी आहे. बाकीच्या पोकळ बोलतात."

काका काशीतल्याच एका शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. बायको गेली, मूलबाळ नाही, संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. ब्रह्मा घाटापासून तिथपर्यंत मराठी माणसांची जेवढी घरं उरली होती, तेवढ्या घरांतले गेलेल्यांचे फोटो भिंतीवर काकांच्या हातचे होते. पद्धत त्यांची स्वतःची. गिरमिटाने भोक पाडायचं, त्यात वाळलेल्या सागवानाची गुल्ली ठोकायची, गुल्लीत पितळी पेच पिळायचा. फोटोची खालची कड दोन बारक्या खुंट्यांवर टेकवायची म्हणजे सगळा भार तारेवर येत नाही. आणि दरवर्षी गौरी गेल्या की पितृपक्ष लागायच्या आत घरोघर फेरी. फोटो उतरवायचे, काच पुसायची, मागची तार बोटाने ओढून बघायची, पुन्हा लावायचे. घ्यायचे काय, तर चहा आणि बशीत असेल ते.

"पितर वर्षातून एकदा येणार आणि आपण त्यांना वाकडं टांगून ठेवणार, हे बरं दिसतं का?" असं म्हणायचे.

हिमानी आणि देवव्रत वैशाखात या भाड्याच्या घरात आले, तेव्हापासून सासू-सासऱ्यांचे फोटो चादरीत गुंडाळून कपाटावर पडले होते. फोटो म्हणजे लहानसहान नव्हेत. जाड लाकडी चौकट, आत काच, मागे फळी. देवव्रत बँकेत सकाळी नऊला जायचा तो संध्याकाळीच परत. घरात ती आणि अकरा महिन्यांची ईशानी. ईशानी रांगत होती आणि जे दिसेल ते तोंडात घालत होती. हिमानीचं सगळं शिक्षण, एम.एस्सी.सुद्धा, सध्या जमिनीपासून एक हात उंचीवर काय काय पडलंय हे बघण्यात खर्च होत होतं.

त्या दिवशी भिंत ऐकताना काकांच्या पिशवीतून एक पेच पडला. त्यांना दिसला नाही. संध्याकाळी तो ईशानीच्या मुठीत सापडला, ओला.

म्हणजे तोंडात जाऊन आलेला.

हिमानी त्या रात्री धड जेवली नाही. काकांचे हात थरथरतात, ते स्टुलावर चढणार, चुन्याची धूळ उडणार, खिळे सांडणार, आणि काच. तिने मोबाइलवरून भिंतीला चिकटवायचे हूक मागवले. भोक नको, धूळ नको, आवाज नको. डब्यावर लिहिलं होतं, पाच किलो पेलतो.

आता काकांना येऊ नका म्हणून सांगायचं कसं? म्हाताऱ्या माणसाला "तुमचे हात थरथरतात" असं तोंडावर कोण म्हणणार? गौरी गेल्याच्या दुसऱ्याच सकाळी फोन वाजला.

"सूनबाई, उद्या येतो. गुल्ल्या तासून ठेवल्यात."

"काका, अहो..." आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आम्हाला सुतक आलंय."

"अरे राम. कोण गेलं?"

"ह्यांचे चुलत काका. ग्वाल्हेरचे."

"नाव काय?"

नाव! ओट्यावर कणीक, कडेवर पोर, अशात नाव कुठून आणायचं? "प्रल्हादकाका," ती म्हणाली. शाळेत तिला इतिहास शिकवायला प्रल्हाद सर होते.

"माझी काही ओळख नव्हती," काका हळूच म्हणाले. "असो. सुतकात भिंतीला भोक पाडायचं नसतं. आता अकराव्या दिवशीच येईन. देवव्रतला म्हणावं, मन घट्ट ठेव."

संध्याकाळी देवव्रत हसून लोळला. "ग्वाल्हेरला माझे चुलत काका? यार, मला भेटव तरी एकदा!" मग हसू आवरून म्हणाला, "पण हिमानी, काका आहेत ते. खरं सांगून टाक ना. चिडतील आणि चहा मागतील, बस्स."

"सांगते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने फोटो लावले. इतके सरळ की तिने लगेच आईला छायाचित्र पाठवलं. आईने उलट लिहिलं, छान, पण पोरीच्या बिछान्यापासून लांब आहेत ना? हिमानीला राग आला. आईचा नव्हे, आपल्याला हे आधी कसं सुचलं नाही याचा. तिने चटई दोन हात सरकवली.

सहाव्या दिवशी, शनिवारी, गंगा बरीच वर आली होती. घरात कपडे वाळत नव्हते, मीठ ओलं झालं होतं, भिंतीला हात लावला तर हाताला गारवा लागायचा. दुपारी हिमानीने ईशानीला मऊ भात भरवायला चटईवरून उचललं आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचली, तोच मागे असा आवाज झाला की पोरगी रडायचीही विसरली.

सासऱ्यांचा फोटो चटईवर पालथा पडला होता. सरकवलेल्या चटईवर. काच उशीपर्यंत उडाली होती.

तिने ईशानीला पलंगावर ठेवलं, चारी बाजूंनी लोड लावले आणि फोटो उलटा केला. हूक तारेत तसाच अडकलेला. हुकाला चिकटून तळहाताएवढी चुन्याची खपली आली होती, आठ-दहा रंगांचे थर दिसत होते. गोंद सुटलाच नव्हता.

देवव्रतने फोनवर सगळं ऐकून घेतलं. "आजच बोलव काकांना."

"हो."

पण बोलावणार कसं? सुतक संपायला अजून चार दिवस होते. सुतकातल्या घरी ते येणार नाहीत, आणि सुतक नाहीच म्हटलं तर खोटं उघडं पडणार. तिने फोन दोनदा हातात घेतला आणि दोनदा ठेवला. सासूबाईंचा फोटो स्वतःच उतरवून ठेवला. चारच दिवस तर, अकराव्या दिवशी येतीलच आपणहून, असं तिने स्वतःला समजावलं. शनिवार गेला. रविवारी तर घरात देवव्रत होता, दोघं मिळून सहज जाऊन येऊ शकले असते. वाट दहा मिनिटांची.

सोमवारी सकाळी भाजीवाल्यापाशी अंबिकाकाकू भेटल्या. वरच्या आळीतल्या.

"ग्वाल्हेरचे गेले म्हणे तुमचे. वाईट झालं हो. मास्तरांनी सांगितलं," त्या म्हणाल्या. "आणि मास्तरांना तुम्हीच ठेवून घेतलंत वाटतं? शनिवारी सकाळी यायचे होते आमच्याकडे फोटोंना. आले नाहीत. म्हटलं, दुःखाच्या घरी बसायला गेले असतील, कशाला फोन करायचा."

हिमानीने दुधी भोपळ्याची पिशवी तिथेच खाली ठेवली. "आमच्याकडे नाहीत आले ते."

तिने तिथेच फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग पोरीला कडेवर घेऊन ती चालायला लागली, आणि गल्ली वळल्यावर चालणं कधी पळणं झालं ते तिला कळलं नाही. खालचं दुकान बंद, घरमालक मुलाकडे गेलेला. जिन्यात ती मोठ्याने हाका मारत होती.

दार नुसतं लोटलेलं होतं. ढकलताच आतून आवाज आला, अगदी बारीक.

"थांब! पोरीला खाली ठेवू नको. खिळे सांडलेत."

काका जमिनीवर होते. एक पाय नको तसा वळलेला, शेजारी आडवं स्टूल. पोटमाळ्याची फळी उघडी. एक लोटा रिकामा, हाताशी. खिळ्यांचा डबा उपडा आणि खोलीभर खिळे, पेच, तारेचे तुकडे.

"सूनबाई, तू? अगं, सुतकात कशी आलीस?"

शुक्रवारी संध्याकाळी पडले होते. टेबलावरचा फोन वाजलेला त्यांनी ऐकला होता, पण हात पोचत नव्हता. अंबिकाकाकूंचा मुलगा आणि दोन नावाडी, यांनी मिळून त्यांना खाली उतरवलं. खुबा मोडला होता.

उतरवत असताना हिमानी दाराशी उभी होती, आणि तेव्हा तिला टेबल दिसलं. टेबलावर नवी कोरी चौकट. सागवानी, कडा हाताने घासलेल्या, मागे दोन कड्या, कड्यांत पितळी तार ओढून बांधलेली. काच तेवढी राहिली होती. काच पोटमाळ्यावर होती. मागच्या फळीवर खडूने, शाळेच्या फळ्यावर लिहितात तशा वळणदार अक्षरांत लिहिलं होतं:

प्रल्हाद, ग्वाल्हेर. हिमानीकडे. दक्षिण भिंत.

हिमानीने ती चौकट घरी आणली. कुठे ठेवावी ते कळेना म्हणून पुन्हा चादरीत गुंडाळली.

शस्त्रक्रिया झाली. काका पंधरा दिवसांनी काठीवरून वॉकरवर आले, का वॉकरवरून काठीवर, तिला धड आठवत नाही. रोज डबा, रोज ईशानीला कुणाकडे तरी ठेवणं, यात दिवस गेले. इंदूरहून त्यांची भाची कालिंदी आली आणि सोबत न्यायचं म्हणाली. काका भडकले. "लोक मरायला काशीला येतात, आणि तू मला मरायला इंदूरला नेतेस?" कालिंदी रडली, हसली आणि एकटीच परत गेली. अंबिकाकाकू दोन वेळचा डबा द्यायला लागल्या.

"प्रल्हादरावांचा फोटो आला का ग?" काका दर चार दिवसांनी विचारायचे.

"येईल," हिमानी म्हणायची. पहिल्या खोटेपणाला निदान घाईचं निमित्त होतं. या खोटेपणाला काहीच नव्हतं.

कार्तिकात देवव्रतची बदली गोरखपूरला झाली. निघायच्या आदल्या दिवशी ती काकांकडे गेली. ईशानी आता धरून धरून उभी राहत होती; ती काकांच्या वॉकरला धरून उभी राहिली आणि दोघं एकमेकांकडे बघत बसले.

"काका," हिमानी म्हणाली, "प्रल्हादकाका नव्हतेच कुणी. मी खोटं बोलले होते. तुम्ही भोकं पाडायला येऊ नये म्हणून. पोरीच्या तोंडात पेच सापडला होता, मला भीती वाटली. तुमच्या हातांची. आणि मग..."



खालून मणिकर्णिकेकडे जाणारे लोक "राम नाम सत्य है" म्हणत गेले, आवाज लांब गेला.

"म्हणजे गेलं नाही कुणी," काका म्हणाले.

"नाही."

"बरं झालं." मग थोड्या वेळाने, "सर्वपित्रीला मी त्यांच्या नावाने पलंगावरूनच तीळपाणी सोडलं. आता ते कुणाला पोचलं असेल?"

ती हसली नाही. तेही नाही. ईशानी मात्र हसली, कारण वॉकर हलला.

"पेच माझा होता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तेव्हाच सांगायचं होतंस. मी पिशवी बाहेर ठेवली असती. जिन्यात." त्यांनी हात पुढे करून ईशानीच्या डोक्यावर ठेवला. हात थरथरत होता. "त्या चौकटीत हिचा फोटो लाव. पण दक्षिणेच्या भिंतीला नको, जिवंत माणूस आहे. आणि सूनबाई, चिकटवू नको."

गोरखपूरच्या घराची भिंत सिमेंटची आहे. तिथल्या सुताराने गुल्ली म्हणजे काय ते ऐकून घेतलं, हसला, आणि प्लास्टिकची ठोकली. हिमानीने हट्टाने खाली दोन खुंट्या लावून घेतल्या. पूर्वेच्या भिंतीवर, बिछान्यापासून लांब, ईशानीचा फोटो आहे. ती रोज सकाळी त्याची तार बोटाने ओढून बघते आणि मग काकांना फोन लावते. कधी ते उचलतात. कधी अंबिकाकाकू सांगतात, झोपलेत. कधी फोन नुसता वाजतो, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिच्या हातून कामं धड होत नाहीत. गौरी आता महिन्यावर आल्या आहेत. परवा काकांनी फेरीचं नाव न काढता सहज विचारलं, "अंबिकेकडच्या भिंतीला किती उंचीवर पेच आहे, आठवतं का तुला?" तेव्हापासून काशीला जाणारं कुणी भेटलं की ती एकच गोष्ट सांगते.

तुम्ही हे वाचताय, म्हणजे तुमचंही कधी जाणं होईल, म्हणून तुम्हालाही ती सांगते आहे. संकठा देवीच्या देवळावरून वर या, दुसरी गल्ली, खाली बंद दुकान, दुसरा मजला. दार लोटलेलंच असतं. हाक मारून आत जा, फोन करून जाऊ नका. फोनवर ते "मी ठणठणीत" एवढंच म्हणतात. चहा घ्या, बसा थोडा वेळ, आणि निघताना तेवढं बघा, स्टूल कोपऱ्यात उलटं ठेवलेलं आहे ना, की कुणी बाहेर काढलंय.