गार फँटा

फ्रिज उघडला तर आत पोलिओचे डोस नव्हतेच. फँटाच्या बाटल्या गच्च भरलेल्या, खालच्या कप्प्यात बियर. एथेल न्यिरोंगो दार धरून उभीच राहिली.

"डोस कुठायत?"

"कपाटावर, सिस्टर. शनिवारीच काढले," वॉचमन गोंडवे म्हणाला. "मुखियांनी सांगितलं. पाहुण्यांसाठी जागा हवी होती."

आज सोमवार. कपाटाच्या वर पत्रा भाजत होता. तिने ट्रे उतरवला. प्रत्येक कुपीवरचा पांढरा चौकोन काळा पडला होता. म्हणजे औषध वाया गेलं. अर्धं आयुष्य तिने या दवाखान्यात रॉकेलच्या फ्रिजचा धूर गिळला होता. छपरावर सोलर बसलं तेव्हा चर्चमध्ये उभं राहून तिनेच सांगितलं होतं, "आता खुशाल डोंगरावरनं या. कुणी तसंच परत जाणार नाही." त्या शब्दावर आलेल्या बाया बाहेर झाडाखाली पोरं पाठीला बांधून बसल्या होत्या.

मुखिया म्झुमारा कोटाची बटणं लावत आत आले.

"मुखिया, हे काय केलंत?"

"मग काय सोलरच्या उद्घाटनाला आलेल्या पाहुण्याला कोमट फँटा पाजू? गावाची अब्रू नाही जायची?" ते हसले. "आणि ऊन काय संपतंय का, बाई? कार्यक्रम झाला की करा परत गार तुमचे डोस!"

गोंडवेही हसला. एथेलला त्या हसण्याची किळस आली.

जिल्ह्याच्या साहेबांनी फीत कापली. सूर्य गरिबांचा आहे, असं ते बराच वेळ बोलले. टाळ्या झाल्या. मग बाटल्यांचा ट्रे एथेलच्या हातात आला. पाहुण्याला काही द्यायचं तर बाईने गुडघे टेकून, ही तिथली रीत. ती जन्मभर टेकत आली होती. साहेबांनी हात पुढे केला आणि वाट पाहिली.

तिने उभ्यानेच बाटली दिली.

"गुडघे धरलेत वाटतं, सिस्टर?" मुखिया दात आवळून म्हणाले.

"नाही, मुखिया. चांगले आहेत."

ट्रे टेबलावर ठेवून ती झाडाकडे गेली. तिला पाहून बाया लगबगीने पोरं सोडू लागल्या. एथेलने त्यांच्यासमोर लाल मातीत दोन्ही गुडघे टेकले.

"अगं बाई, आमच्यापुढं कशाला, सिस्टर?"

तिने रिकामे हात उघडून दाखवले. त्यांच्यातल्या एका थोराड बाईने तिच्याकडे नुसतं पाहिलं, आणि काही न विचारता पोर पुन्हा पाठीला बांधलं.