बांधकामाच्या वहीतलं झाड

मी झाड बोलतोय. प्राणिसंग्रहालयात माकडाच्या पिंजऱ्यामागे उभा असलेला तो मीच. लोक माझ्या सावलीत उभे राहून माकडाचं कौतुक करतात. मला त्याचं काही वाटत नाही म्हटलं, तर ते खोटं ठरेल.

इथल्या कारभाराची गंमत सांगतो. प्राण्यांची वही वेगळी. तिच्यात माकडाचा जन्म, वजन, खोकला, सगळं येतं. झाडं मात्र बांधकामाच्या वहीत. माझ्या वरच्या ओळीत बाकडी, खालच्या ओळीत नळ. साठ वर्षं मी असा नळाशेजारी नांदलो.

गेल्या वर्षी माकडासाठी दुसऱ्या गावाहून माकडीण आणायचं ठरलं. जोडप्याला पिंजरा लहान पडणार, म्हणून अधीक्षकसाहेबांनी वहीत माझ्यापुढे शेरा मारला: तोडणे. त्यांचा माझ्यावर राग नव्हता. बाकडं हलवावं, तितक्याच सहज त्यांनी ते लिहिलं. माझं मात्र पान न् पान हादरलं.

पाट्या रंगवायला एक पेंटरकाका यायचे. अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव खोदून खोदून विचारायचा. माकडाची पाटी झाली: सृष्टी प्राणी, वर्ग सस्तन, स्थिती असुरक्षित. जाता जाता झाडाचीही एक पाटी करावी, ते तोडल्यावर निदान नाव तरी राहील, असं त्यांच्या मनात आलं. मजकूर मागायला ते इथल्या ग्रंथपालबाईंकडे गेले. बाईंनी धोक्यातल्या जातींची यादी काढली. सृष्टी वनस्पती, वर्ग द्विदल, स्थिती अतिसंकटग्रस्त. म्हणजे नामशेष व्हायच्या वाटेवर मी माकडाच्या दोन पायऱ्या पुढे होतो!

काकांनी दोन्ही पाट्या रंग ओला असतानाच साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. साहेबांनी त्या दोनदा वाचल्या.

"अहो, पण झाड कुठे पळून चाललंय?"

"म्हणूनच तर संपत आलंय, साहेब. माकड निदान पळतं तरी."

पिंजरा दुसऱ्या बाजूला वाढला. माकडीण आली, मागच्या महिन्यात पिल्लूही झालं. सगळे खूश आहेत, मीसुद्धा.

पण एक गोष्ट पाटीवर मावली नाही. आमच्या जातीत नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. मी नर. दर वर्षी अंगभर फुलतो आणि झाडूवाल्या मावशी ती फुलं गोळा करून नेतात. आजवर माझं एकही बी रुजलेलं नाही. माकडासाठी तुम्ही गावोगाव पत्रं लिहिलीत, गाडी पाठवलीत. एक पत्र माझ्यासाठीही लिहा. मी खुशाल वाट बघेन. पण ती जिथे कुठे उभी असेल, तिथून तिलाही चालत येता येत नाही.