ईस्टरपर्यंत बर्फ पेलेल

आमच्या हाउकिरांता गावच्या तळ्यावरचा बर्फ किती दिवस पेलेल हे सांगायचं काम माझं. आधी नवरा सांगायचा, तो गेल्यावर अठरा वर्षं मी सांगतेय. हिवाळ्यात काठापासून बेटापर्यंत बर्फावरून वाट पडते, तिच्या दोन्ही अंगांनी मी स्प्रूस झाडाच्या फांद्या रोवते. वसंत आला की लोखंडी पहार घेऊन जाते, घाव घालून बघते आणि शहरातल्या साप्ताहिकाला गावाची खबरबात लिहून पाठवते. हंस आले, अमक्याच्या घरी नात झाली, बर्फ अमुक दिवसापर्यंत पेलेल. मी फांद्या उपटल्या की वाट बंद. मग त्यावर पाऊल टाकणाऱ्याला मूर्ख म्हणायला सगळं गाव मोकळं.

बेटावर माझी धाकटी बहीण हेल्मी आणि तिचा नवरा ओस्मो, दोघंच राहायची. दर वसंतात तीनेक आठवडे असे येतात की बर्फ पेलत नाही आणि होडीही चालत नाही. त्याच्या आधी मी फोन करायचे, "निघा गं आता," की दोघं निघायची. पायाने रेटायची घसरगाडी, तिच्यावर मांजराची टोपली आणि ओस्मोची औषधं. माझ्या मागच्या खोलीत राहायची आणि पाणी मोकळं झालं की परत. ओस्मोचं हृदय दुबळं होतं. हे तीन आठवडे बेटावर काढायचे नाहीत असं डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं.

त्या वर्षी माझा मुलगा तुओमास ईस्टरला येणार होता. चार वर्षांनी! बायकोपोरांना घेऊन, हेल्सिंकीहून. सूनबाईंचा, म्हणजे सान्नाचा, फोन आधीच आला.

"सायमी, मागची खोली आम्हाला मिळेल ना? गेल्या वेळी तो ओस्मो सारखा खोकत होता. पोरं वैतागली."

"मिळेल की," मी म्हटलं. जीभ जराही अडखळली नाही.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी पहार घेऊन वाटेवर गेले. तिसऱ्या घावाला पाणी वर आलं. बर्फ दीड वीत जाड होता, पण वसंतातल्या जाडीला काय चाटायचंय? आतून बर्फाच्या उभ्या सळ्या सुटल्या होत्या, हातात घेतल्या तर खळकन तुटून पडल्या. फांद्या त्याच दिवशी उपटायला हव्या होत्या. मला कळलं नाही असं नाही. चांगलं स्वच्छ कळलं. पण त्यांना लगेच बोलावलं तर ऐन ईस्टरला खोलीत ओस्मो, आणि माझा मुलगा कुठे? चार-आठ दिवस तर काढायचेत, काढेल बर्फ, असं स्वतःला सांगितलं आणि घरी येऊन फोन लावला.

"हेल्मी, यंदा घाई नको. ईस्टर झाला की मंगळवारी या."

"अगं पण इथे काठाशी पाणी दिसतंय."

"ते वरवरचं. खाली पक्का आहे. पहार मारून आलेय मी."

"मग झालं! ओस्मो आजच निघू म्हणत होता. मी म्हटलं, सायमीला विचारल्याशिवाय बूटसुद्धा घालायचे नाहीत."

मागून ओस्मो ओरडला, "विचार तिला, माझ्या खोकल्याला कंटाळली का म्हणून!"

मी हसले. देवा, मी चक्क हसले. आणि गुरुवारच्या अंकात छापून आलं, हाउकिरांताचा बर्फ ईस्टरपर्यंत पेलेल.

शुक्रवारी दक्षिणेचा वारा सुटला, वर पाऊस. मी घर घासूनपुसून लख्ख केलं होतं, ईस्टरची राय धान्याची खीर केली होती, गाद्यांवर नव्या चादरी घातल्या होत्या. शनिवारी सकाळी तुओमासचा फोन.

"आई, यंदा नाही गं जमत. सान्नाच्या मैत्रिणींनी वर लॅपलँडला स्कीइंगचं ठरवलंय. रागावली नाहीस ना?"

"मी कशाला रागावू? खीर आहे, मीच खाईन."

फोन ठेवला आणि तशीच काठावर धावले. बर्फ काळा पडला होता. हेल्मीला फोन केला, "आत्ताच्या आत्ता निघा!"

"कुठून निघू? काठाचा बर्फ सुटलाय. ओस्मो बघायला गेला आणि मांडीपर्यंत भिजून आला. राहू दे गं, कॉफी आहे, मासे आहेत. यंदा इथेच काढू."

रविवारी न्याहारी झाली आणि ओस्मोच्या छातीत कळ आली. तळ्यावर धुकं इतकं दाट की हेलिकॉप्टर आलं तसं परत गेलं. अग्निशमन दलाची पंख्यावर चालणारी बोट शहरातून निघाली, तिला पोचायला चार तास लागले. हेल्मी फोनवर माझ्याशी बोलत होती. श्वास घेतोय, म्हणाली. मग म्हणाली, हात गार पडलेत. मग नुसतं तिचं मांजर ओरडत होतं, आणि मी नव्या चादरी घातलेल्या पलंगावर बसून ते ऐकत होते.

दफनानंतरच्या कॉफीला सगळं गाव जमलं. दुकानवाली तेर्तू, हिला गप्प बसणं म्हणून माहीत नाही. सगळ्यांसमोर म्हणाली, "सायमी, पेपरात तर तू ईस्टरपर्यंत लिहिलं होतंस ना गं?"

चमचे थांबले. मला एका परीने बरं वाटलं, की आता सुटलं एकदाचं.

हेल्मीने कप आपटला. "इतक्या वर्षांत किती वेळा चुकली ती? सांग ना, तेर्तू! एकदा. तळं काय तिच्या बापाचं आहे, तिला विचारून वितळायला?" मग माझा हात घट्ट धरून हळू आवाजात म्हणाली, "तू मनाला लावून घेऊ नकोस. ओस्मोसुद्धा शेवटी हेच म्हणाला, बिचारी सायमी, आता जिवाला खात बसेल."

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. आणि विचारलं काय, तर "वेलदोड्याचा पाव घेतेस आणखी?" शरम वाटते, पण हेच विचारलं.

हेल्मी बेटावर परत गेली नाही. माझ्या मागच्या खोलीतच राहते. माझ्याबरोबर फांद्या रोवायला येते, मी पहार मारते तेव्हा शेजारी उभी राहते, मी सांगते तो दिवस पेपरासाठी लिहून घेते. एकदाही पुन्हा विचारत नाही, नक्की का म्हणून.

काल तुओमासचा फोन आला, यंदा ईस्टरला येतो म्हणाला. मी म्हटलं, "नको येऊस. खोली नाही."

फोन ठेवते तोच हेल्मी दारात येऊन उभी. "काय गं ही रीत? पोटच्या पोराला नाही म्हणतेस? येऊ दे त्यांना, मी झोपेन स्वयंपाकघरात. एका खोलीसाठी कुणी असं वागतं का?"